मंदाकिनीबाईंचा गुरुवार

कुठल्याही संस्थेच्या चिटणीसाने सकाळच्या चहाबरोबर तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचू नयेत, असं माझं आता ठाम मत झालं आहे. राजकारणाच्या खुशाल वाचाव्यात; त्यांनी फार तर रक्तदाब वाढतो. तंत्रज्ञानाची बातमी वाचली की माणसाला काहीतरी करून दाखवावंसं वाटतं, आणि निवृत्तीनंतर चिटणीस झालेल्यांना काहीतरी करून दाखवावंसं वाटल्यामुळे संस्थांचं जेवढं नुकसान झालं आहे, तेवढं वाळवीनेही केलं नसेल.

बातमी लहानशीच होती. धर्मादाय आणि स्वयंसेवी संस्थांसाठी तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण, नोंदणीकृत संस्थांना सॉफ्टवेअर मोफत. 'मोफत' हा शब्द मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. शनिवार पेठेत राहणाऱ्या कुणीही वाचला असता.

"अहो, तुम्हाला घरातला टीव्ही लावता येत नाही," माझी पत्नी कौशल्या म्हणाली. "काल आवाज वाढवायला गेलात आणि मालिकेतली सगळी माणसं कन्नड बोलायला लागली."

"तो घरगुती प्रश्न आहे. हा संस्थेचा आहे," असं म्हणून मी नाव नोंदवलं.

आमची संस्था म्हणजे रुग्णसाहित्य मंडळ. घरात कुणी पडलं, कुणाचं ऑपरेशन झालं, की वॉकर, चाकांची खुर्ची, कमोडची खुर्ची, हवेची गादी असल्या वस्तू काही महिन्यांपुरत्या लागतात. त्या आम्ही देतो आणि माणूस हिंडूफिरू लागला की परत घेतो. तळमजल्यावर मंडळाच्या दोन खोल्या आहेत आणि त्यांच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, मंदाकिनीबाई राहतात. मंडळाचा फोन त्यांच्या घरी. गेली कित्येक वर्षं तो त्याच घेत आल्या. मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या आहेत, पण ही गोष्ट फक्त शाळेला कळली आहे, त्यांना नाही.

आता, वॉकर हवा असेल तर माणसाने फोन करावा, नाव सांगावं, येऊन वॉकर घेऊन जावा. मंदाकिनीबाईंकडे इतकं सोपं काही नसे.

"कोण पडलं? आई? कुठे पडल्या? न्हाणीघरात. तिथे पायपुसणं कुणी टाकलं होतं? मग आधी ते उचला. ऑपरेशन कुठल्या पायाचं? उजव्या. आणि खाट कुठल्या भिंतीला? म्हणजे उतरताना दुखरा पाय पुढे. शाबास. खाट फिरवा. नंतर नाही, आत्ता फिरवा. मी धरते फोन."

आणि त्या खरोखर फोन धरून बसत. पलीकडून खाट सरकल्याचा आवाज आल्याशिवाय वॉकर मिळत नसे. शेवटी म्हणत, "गुरुवारी मी येऊन बघून जाते. दार त्यांनी स्वतः उघडायचं. चहा त्यांच्या हातचा घेईन." आणि गुरुवारी त्या रिक्षा करून जात. 'या कधीतरी', 'येऊ की' अशी वाक्यं पुण्यात रोज हजारोंनी बोलली जातात आणि त्यातलं एकही कुणी मनावर घेत नाही, म्हणून तर शहर सुरळीत चाललं आहे. मंदाकिनीबाई मात्र येते म्हणाल्या की येत. अलीकडे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून जवळपासच्या पेठांत जेवढ्यांकडे जाणं जमेल, तेवढ्यांनाच ते वाक्य म्हणत.

हे सगळं फार छान होतं, पण फोन एकच होता आणि तो सदैव गुंतलेला असे. खडकवासल्याचे एक गृहस्थ वडिलांच्या खुर्चीसाठी दिवसभर फोन लावत बसले आणि संध्याकाळी बसने येऊन माझ्यावर ओरडून गेले. म्हणजे माझा हेतू वाईट नव्हता, एवढं नोंदवून पुढे जातो.

प्रशिक्षणाला सर्पमित्र होते, गोशाळावाले होते, एक मोफत वाचनालय होतं. शिकवायला कादंबरी नावाची तरतरीत मुलगी होती.

"सर, तुमच्या ऑर्गनायझेशनचा मेन पेन पॉइंट काय? म्हणजे दुखणं कुठलं?" तिने विचारलं.

"मंदाकिनीबाई," मी म्हणालो.

तिने ते फळ्यावर लिहिलं. माझ्या नावासमोर. मी हात वर करून खुलासा करू पाहत होतो, पण ती सर्पमित्रांकडे वळली होती.

चहाच्या वेळी तिने मला सगळं नीट समजावलं. फोनवर मराठीत बोलणारा एक सहायक असतो, म्हणजे यंत्रच. त्याला चांगल्या संभाषणांची रेकॉर्डिंग्ज ऐकवली की तो तसं बोलायला शिकतो. एकाच वेळी कितीही जणांशी बोलतो, थकत नाही. "सर, तुमच्या मॅडमना फक्त महिनाभर कॉल्स रेकॉर्ड करू द्या. देन शी कॅन रिलॅक्स." मंदाकिनीबाईंना निवांत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कल्पना रम्य वाटली.

पण मोफत वस्तू मिळवण्यासाठी जेवढे कष्ट पडतात, तेवढ्यात ती विकत येते. आम्ही धर्मादाय संस्था आहोत हे आधी सिद्ध करायचं होतं. मी नोंदणीचा दाखला पाठवला. उत्तर आलं, दाखल्यावर ज्या संस्थापकांचं नाव आहे त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून दुजोरा द्यावा. आमचे संस्थापक नाना भिंतीवरच्या फोटोत आहेत, हारासकट. मी तसं कळवलं. उत्तर आलं, 'आपल्या संस्थापकांशी संपर्क साधण्यात आपल्याला अडचण येत असल्याचं वाचून वाईट वाटलं. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' हा पत्रव्यवहार बरेच दिवस चालला. एकदा तर त्यांनी नानांना सेवेबद्दल किती समाधानी आहात असं विचारलं. शेवटी कादंबरीने कुठे कुठे फोन केले आणि नानांची या व्यवहारातून सुटका झाली.

आमचे शेजारी भीमराव हे सगळं कठड्यावर रेलून बघत होते. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे ज्या ज्या वस्तूतून आवाज येतो त्या सगळ्यांवर त्यांचा अधिकार आहे.

"यंत्राला मराठी कुठलं शिकवताय? पेठेतलं?" त्यांनी विचारलं.

"मंदाकिनीबाईंचं."

"मग पेशंट बरे होतील," भीमराव म्हणाले, "नाहीतर घाबरून फोन करायचे थांबतील. दोन्हीकडून मागणी कमीच होणार. जमेल तुमचं."

मंदाकिनीबाईंनी रेकॉर्डिंगला हरकत घेतली नाही. फोन करणाऱ्या प्रत्येकाला त्या आधीच सांगत, "हे रेकॉर्ड होतंय. तेव्हा खरं बोला." महिना संपला. सॉफ्टवेअरने सहायकाचं नाव विचारलं तेव्हा मी मोठ्या आदराने 'मंदाकिनी' असं घातलं. कुणाच्या नावाने इस्पितळं काढतात, कुणाच्या नावाने रस्ते. मंडळाला एवढंच परवडत होतं. सुरुवातीला 'मी मंडळाची संगणकीय सहायक' अशी स्पष्ट सूचना घातली. आता फोनवरची पहिली सूचना आजवर कुणी ऐकून घेतली आहे, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही.

मंडळाचा फोन मी स्वतः वर जाऊन काढून आणला. "बरं झालं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मला तरी कुठे हौस होती?" फोनखालचं विणलेलं रुमालासारखं काहीतरी होतं, ते त्यांनी घडी करून कपाटात ठेवलं. मी खाली उतरून पेढे वाटले.

आणि काय सांगू, यंत्र अप्रतिम चाललं. पहिल्याच दिवशी मी चोरून ऐकलं. एक बाई कुबड्या मागत होत्या आणि यंत्र त्यांना विचारत होतं, "घरात जिना आहे का? मग कठडा कुठल्या हाताला?" आवाज जरा तरुण होता, पण बोलणं हुबेहूब. खोल्यांतल्या वस्तू भराभर बाहेर जाऊ लागल्या. फोन कुणालाही गुंतलेला लागेना. कादंबरीने मला इतर संस्थांपुढे बोलायला बोलावलं, आणि मी 'तंत्रज्ञानाचा मानवी चेहरा' या विषयावर, घड्याळाकडे अजिबात न बघता, बोललो. कौशल्याने त्या दिवशी टीव्हीचा विषय काढला नाही.

मग गुरुवार आला.

दुपारी पहिला फोन माझ्या मोबाइलवर आला; मंडळाच्या पावतीवर तो नंबर असतो. कोथरूडच्या कुणी बाई होत्या. "मंदाकिनीबाई निघाल्या का? खिचडी गार होतेय." मी म्हणालो, काहीतरी गैरसमज झालाय. तेवढ्यात दुसरा फोन. मग कोंढव्याहून, औंधहून, धनकवडीहून. कुणी कांदेपोहे केले होते, कुणी बाबांची दाढी करून त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला होता. सगळीकडे मंदाकिनीबाई येणार होत्या. सगळीकडे त्याच दिवशी.

मी कादंबरीला फोन केला. तिने तपासलं आणि जरा वेळाने म्हणाली, "सर, त्याचं काय झालंय, रेकॉर्डिंग्जमधले जे कॉल्स एकदम छान एंड झाले ना, त्यांच्या शेवटी ते गुरुवारचं वाक्य होतं. सो त्याला वाटलं, कॉल छान एंड करायचा म्हणजे हे म्हणायचं. टेक्निकली ते बरोबरच शिकलंय." तिने ते वाक्य तात्काळ काढून टाकलं. पण ज्यांना शब्द देऊन झाला होता, त्यांच्या घरून तो कसा काढणार?

मंदाकिनीबाईंना सांगायचं नाही, असं मी ठरवलं. त्यांचा गुडघा दुखतो, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण असं, की मला त्यांची भीती वाटते. मी स्कूटर काढली आणि त्यांच्या वतीने घरोघर जायला निघालो.

कोथरूडला चौथ्या मजल्यावर बेल वाजवली. आतून आवाज आला, "कुणी हलू नका! मी उघडणार!" मग टक. जरा वेळाने पुन्हा टक. वॉकर सरकत होता. समोरच्या ब्लॉकचं दार मात्र लगेच उघडलं.

"कोण हवंय?" त्या ब्लॉकमधल्या बाईंनी विचारलं.

"इथले आजोबा."

"मग बेल वाजवा."

"वाजवली. ते येतायत."

"कधीपासून?"

"आत्ताच निघालेत."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "आम्हाला काही नकोय हं," असं बजावून त्या दार उघडंच ठेवून उभ्या राहिल्या. अखेर इकडचं दार उघडलं. आजोबा घामाघूम झाले होते, पण चेहऱ्यावर असा आनंद, की मी नकळत हात जोडले. मग त्यांनी मला पाहिलं.

"आपण कोण?"

"मी मंडळाचा चिटणीस. मंदाकिनीबाईंना आज जमलं नाही."

"असं," आजोबा म्हणाले आणि दार लावायला लागले. लावायलाही त्यांना उघडण्याइतकाच वेळ लागला, आणि तेवढा वेळ आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे होतो.

त्या आठवड्यात मी पुण्यातली जेवढी बंद दारं पाहिली तेवढी कुठल्या विक्रेत्यानेही पाहिली नसतील. यंत्राने सगळ्यांना सांगितलं होतं, दार तुम्ही स्वतः उघडायचं. आणि सगळे, अगदी जिद्दीने, स्वतः उघडत होते. धनकवडीला एका आजींनी मला ओळखपत्र मागितलं. औंधला चहा मिळाला, पण आजी तो घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा त्यांचा होता." मी तो उभ्याउभ्या प्यायलो. चिटणीसपदाला काही मान असतो असं मी आजवर समजत होतो.

सर्वांत शेवटी राहिलं लोणी काळभोर. तिथून सोनबा नावाच्या शेतकऱ्याचे रोज फोन येत. त्यांच्या मुलाने, रणजितने, टेम्पोतून वॉकर आणि खाट नेली होती, आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून. मी सोलापूर रस्त्याने, ट्रकांच्या धुरातून, पाठ धरलेल्या अवस्थेत पोचलो. सोनबा फाट्यावरच उभे होते. ऐटदार फेटा, मागे उसाचं शेत, शेतापलीकडे त्यांचा नवा बंगला.

"बाई न्हाय आल्या?" त्यांनी माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटकडे बघत विचारलं.

"त्यांना जमलं नाही."

सोनबांनी स्कूटर कडेला लावायला सांगितली. बंगल्याकडे चालताना हळूच म्हणाले, "आप्रेशन झाल्यापास्नं मथुरा उठतच नव्हती बघा. डाक्टर म्हनले चालवा, पोरगा म्हनला चाल, म्या हात जोडलं. न्हाय म्हंजी न्हाय. आता उचलूनच न्या म्हनायची. आन् तुमच्या बाईंशी फोनवर काय बोलली कुनास ठावं, दुसऱ्या दिशी म्हनली, त्यो वाकर हिकडं सरकवा, मला दारापत्तुर जायाचंय. गुरुवारी बाई येनार हायत. रोज चालतीया तवापास्नं."

दार उघडंच होतं, पण आम्ही आलेलो बघून आतून हाक आली, "लावा ते! म्या उघडती!" सोनबांनी दार ओढून घेतलं आणि आम्ही बाहेर थांबलो. टक. टक. दार उघडलं. मथुराबाई हिरव्या नऊवारीत, वॉकरला घट्ट धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं, फाटकापर्यंत बघितलं.

"बाई मागनं येत्यात?"

इथे मी खरं बोलावं असं ठरवलं. खरं बोलण्याची वेळही निवडावी लागते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, "बाई, फोनवर बोललं ते माणूस नव्हतं. संगणक होता."

"तुमच्या हातचा चा घीन, असं कम्पुटर म्हनला व्हय?"

मी मान हलवली. त्यांनी वॉकर फिरवला, टक टक करत खाटेपाशी गेल्या, आडव्या झाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. आत शेगडीवर चहा उतू गेल्याचा वास येत होता. सोनबांनी जाऊन गॅस बंद केला. मला फाट्यापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "जाऊ द्या, तुमचा बी काय इलाज न्हाय." ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. मथुरा पुन्हा उठत नाही. वॉकर परत न्यायला कधी येता?

मी तसाच मंदाकिनीबाईंकडे जिना चढून गेलो. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. फोनचं टेबल तिथेच होतं, रिकामं. मी सगळं सांगितलं. सांगताना मधे मधे तंत्रज्ञानाची बाजूही मांडत होतो, पण त्यांनी नुसतं बघितलं आणि ती बाजू आपोआप गळून पडली.

"किती जणांना सांगितलंत, मी येते म्हणून?"

"पुष्कळ."

"आणि मला सोडून सगळ्यांना माहीत होतं."

"तुमचा गुडघा दुखतो म्हणून..."

"गुडघा माझा आहे, श्रीनिवासराव. नावही माझंच होतं." त्यांचा आवाज चढला नाही. "माझा फोन नेलात, मी काही म्हटलं नाही. पण माझ्या नावाने शब्द दिलात, तर निदान मला कळवायचं तरी होतं."

इतक्या वर्षांत त्यांच्यापुढे गप्प बसण्याची वेळ पुष्कळदा आली होती, पण त्या वेळी मी भीतीने गप्प होतो. आज लाज वाटली.

"गुरुवारी लोणीला गाडी सांगा," त्या म्हणाल्या. "आणि मला एक वॉकर लागेल."

मी चमकलो. जिन्यावर कठड्याला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या उतरायच्या, पण वॉकरचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. वॉकर पेशंटांसाठी असतात म्हणायच्या. मी म्हणालो, "लगेच खालून आणतो."

"असं नाही. मागणी नोंदवल्याशिवाय मंडळाची वस्तू कुणाला मिळत नाही. लावा तुमचा फोन."

मी माझ्या मोबाइलवरून मंडळाचा नंबर लावला, आवाज मोठा केला आणि रिकाम्या टेबलावर ठेवला. यंत्राने नमस्कार केला आणि विचारलं, "कुणासाठी हवंय?"

"माझ्यासाठी," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"पडलात का?"

"नाही."

"मग काय दुखतंय?"

"गुडघे. दोन्ही."

"कधीपासून?"

मंदाकिनीबाईंनी टेबलावरची नसलेली धूळ पुसली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

"कधीपासून दुखतायत, ते विचारलं," यंत्र म्हणालं.

"झाली वर्षं."

"मग इतके दिवस वॉकर का नाही घेतलात? लाज वाटते?"

मंदाकिनीबाईंनी माझ्याकडे बघितलं. यंत्राला हे कुणी शिकवलं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. "वाटते," त्या म्हणाल्या.

"मग पडल्यावर चौघांनी उचलून जिन्यावरून उतरवलं, तर ते बरं दिसेल का?"

"नाही दिसणार."

"जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. दोन्ही दुखत असतील तर जो जास्त तक्रार करतो तो दुखरा समजा. जिन्यावर वॉकर वापरू नका, तो दुसऱ्याकडे द्या. उद्या येऊन घेऊन जा. काळजी घ्या." आणि फोन बंद झाला.

"गुरुवारी येते नाही म्हणाली ती," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"ते वाक्य काढून टाकलंय."

"बरं." त्या जराशा हसल्या. "मग मीच जाते."

गुरुवारी पहिल्या मजल्यावरून गाडीपर्यंत पोचायलाच आम्हाला इतका वेळ लागला, की सगळी गल्ली खिडकीत येऊन गेली. वॉकर माझ्या खांद्यावर होता. कठड्यावरून भीमरावांनी, जिन्याला उतार कसा हवा होता आणि बांधणाऱ्याने तिथेच कसं चुकवलं, ते सांगितलं. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "तुम्ही खाली येऊन दाखवा," तेव्हा ते आत गेले.

लोणीला बंगल्यासमोर उतरलो तर दार बंद. सोनबा ओट्यावर बसले होते. "सांगितलं तिला, बाई आल्यात," ते कुजबुजले. "तर म्हनती, परत त्यो मानूसच आसंल."

मी पुढे झालो, तसं मंदाकिनीबाईंनी मला हाताने थांबवलं. फाटकापासून दारापर्यंत फरसबंदी होती. त्यावरून त्या वॉकर टेकत, थांबत, पुन्हा टेकत गेल्या. वॉकरची त्यांना सवय नव्हती. तो एकदा पुढे गेला आणि त्या मागे राहिल्या. दारापाशी पोचून त्यांनी कडी वाजवली.

"मथुराबाई, मी मंदाकिनी. पुण्याहून आले. दार तुम्ही उघडायचं ठरलं होतं."

खाटेवरूनच आवाज आला, "फोनवर आवाज येगळा व्हता."

"हो. फोनवर मी नव्हते. माझ्या नावाने दुसरं कुणीतरी बोललं."

"मग तुमी कशापायी आलात?"

मंदाकिनीबाईंनी वॉकरवर दोन्ही हात नीट टेकवले. "माझ्या नावाने येते म्हटलं होतं ना. मग यायला नको?"

सोनबा उभे राहिले होते. फेटा काढून त्यांनी हातात धरला होता. मी पाहत होतो तो मंदाकिनीबाईंचा गुडघा. तो थरथरत होता आणि तो थरथरतोय हे त्यांना कुणाला दाखवायचं नव्हतं. मला पुढे जाऊन खुर्ची द्यावीशी वाटली, पण तेवढी अक्कल तोवर आली होती, म्हणून जागचा हललो नाही.

टक.

मग पुन्हा. मधे थांबून पुन्हा. दार उघडलं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, दोघींचे हात वॉकरवर. मथुराबाईंनी आधी मंदाकिनीबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली त्यांच्या पायांकडे.

"तुमचं बी मोडलंय?"

"मोडलं नाही. झिजलंय."

"आन् तरी आलात एवढ्या लांब?" मथुराबाईंचे डोळे भरून आले. त्यांना ते पुसता येईनात, कारण हात मोकळे नव्हते. "या. सावकाश या. उंबऱ्याला जपा."

त्यांनी वॉकर फिरवला आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. मंदाकिनीबाई त्यांच्या मागोमाग. जाता जाता त्यांचा आवाज आला, "खाट फिरवायला हवी बरं का ही. उलटी लावलीय." आत भांडं वाजलं, काडी पेटवल्याचा आवाज आला, विझली, पुन्हा पेटवली. मी आणि सोनबा बाहेरच्या खोलीत बसून राहिलो.

चहा यायला फार वेळ लागला. सोनबा मदतीला म्हणून मधेच उठायला लागले, तेव्हा मी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.